उकिरड्यातला जंतू कसा सापडतो
(पलूस तालुक्यातील पशुपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गाय निरोगी आहे, दूध भरपूर देते, म्हणजे तिच्या शेणात काही वावगं नसणार असं आपण धरून चालतो. पण ई. कोलाय ओ१५७ हा जंतू गाईच्या आतड्यात राहतो आणि तिला काहीच करत नाही. तोच माणसाच्या पोटात गेला तर रक्ताची हगवण लागते, लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. २००० साली कॅनडातल्या वॉकर्टन गावात मुसळधार पावसानं शेणखतातले जंतू पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, ७ दगावले. २०१९ च्या महापुरात उकिरडे वाहून जाताना आपण पाहिलेत, तेव्हा कृष्णाकाठाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तपासणी बहुतेक वेळा उकिरड्यावरच बिघडते. वरचं उन्हानं वाळलेलं शेण पिशवीत भरून पाठवलं, तर जंतू सापडणार कसा? ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून, वेगवेगळ्या खोलीवरून थोडं थोडं घ्या, एकत्र करा, निर्जंतुक डब्यात भरा आणि बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. गोठू मात्र देऊ नका.

आता साल्मोनेला, म्हणजे शेणातून पसरणारा आणि माणसाला हगवण लावणारा दुसरा जंतू, कसा शोधतात ते बघा. २५ ग्रॅम शेण २२५ मिलिलिटर पेप्टोन पाण्यात (जंतूंना पोसणाऱ्या द्रावणात) मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. शेणातला साल्मोनेला संख्येनं थोडा आणि अर्धमेला असतो, त्याला आधी सावरू द्यावं लागतं. मग त्यातले काही थेंब दुसऱ्या द्रावणात टाकून ते ४२ अंशांच्या आसपास ठेवतात. त्यात मॅलाकाइट ग्रीन नावाचं हिरवं रंगद्रव्य असतं. उसात तणनाशक मारल्यावर तण मरतं आणि ऊस टिकतो, तसे इथं इतर जंतू दबतात आणि साल्मोनेला वाढतो. शेवटी तो एक्सएलडी नावाच्या लाल प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या थराच्या बशीवर, पसरतात. दुसऱ्या दिवशी काळ्या ठिपक्याच्या लालसर वसाहती (जंतूंचे पुंजके) दिसल्या की संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही. शेणात मुबलक असणारा प्रोटियस नावाचा दुसरा जंतूही काळा ठिपका दाखवू शकतो. पुढच्या रासायनिक चाचण्या आणि सीरमची चाचणी झाल्यावरच खात्री होते. या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात. ओ१५७ साठी सॉर्बिटॉल घातलेली प्लेट वापरतात. इतर बहुतेक ई. कोलाय तिच्यावर गुलाबी दिसतात, हा रंगहीन राहतो.

'पीसीआर करा, एका दिवसात होतं,' असं हल्ली सगळेच म्हणतात. पीसीआर म्हणजे जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची क्रिया. तंत्र उत्तम आहे, पण शेणातलं ह्युमिक आम्ल ती क्रिया अडवतं आणि जंतू असूनही अहवाल 'नाही' येतो. उलट, नीट कुजून तापलेल्या खतातल्या मेलेल्या जंतूचा डीएनएही पीसीआरला सापडतो. म्हणून आधी रात्रभर वाढवून मग पीसीआर करणारी, आणि क्रिया अडली नाही हे दाखवणारं नियंत्रण सोबत लावणारी प्रयोगशाळा निवडा. हे विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आणखी एक. जनावर हे जंतू रोज सारखे टाकत नाही. एका अहवालातल्या 'नाही'चा अर्थ त्या २५ ग्रॅममध्ये सापडला नाही, एवढाच. आठवड्याच्या अंतरानं पुन्हा नमुना द्या. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ताजी स्लरी सोडणाऱ्यांनी हे आधी करावं. उसाला घालणाऱ्यांना तेवढी घाई नाही.