तंबू नदीच्या वरच्या पायरीवर

नमस्कार श्रोतेहो.

नाताळची सुट्टी जवळ आली की गोव्यात आपल्या लोकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष किनाऱ्यावरच्या गर्दीत घुसतो आणि दुसरा त्या गर्दीकडे पाठ करून सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या रानात पळतो. मी बोलतोय ते या दुसऱ्या पक्षासाठी. त्यातही ज्यांच्याबरोबर दोन-तीन पोरं आणि हौसेने निघालेली आजी असते, त्यांच्यासाठी. तंबू भाड्याने मिळतो, चुलीवरचं जेवणही सांगता येतं. अडतं ते जागेपाशी.

म्हादई म्हणा, रगाडा म्हणा, तिकडे खाली तळपण म्हणा, पाऊस सरला की या नद्यांचं पात्र उघडं पडतं. पाण्याला लागून वाळू-गाळाचा मऊ, सपाट पट्टा दिसतो. पोरं धावत सुटतात आणि बाबा तिथल्या तिथे जाहीर करतात, "लावा इथेच!" श्रोतेहो, ती जागा नदीची. सत्तरीतल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हादईच्या काठी पुरण शेती चालते. पूर ओसरला की पात्रातल्या गाळाच्या जमिनीत पीक घ्यायचं आणि पुढचा पाऊस लागायच्या आत काढून मोकळं व्हायचं. ती जमीन सोन्यासारखी, पण तिथे घर कुणी बांधत नाही. घर वर, टेकाडावर.

तुम्ही म्हणाल, डिसेंबरात कसला पूर? कबूल, डिसेंबर-जानेवारीत ती भीती फारशी नाही. पण हल्ली लोक ऑक्टोबरातही निघतात आणि मे महिन्यातही. आपल्या नद्या घाटातून उतरतात, म्हादई तर कर्नाटकात उगम पावते. संध्याकाळी वर घाटमाथ्यावर वळवाचा पाऊस कोसळतो, आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं, आणि ते पाणी इथे पोचतं तेव्हा आपण झोपलेले असतो. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, की सामानाचा विचार करायचा नाही. पोरांना उचलायचं आणि वर चढायचं.

मग 'वर' म्हणजे किती वर? ते नदीच दाखवते. काठावरच्या झुडपांकडे नीट बघा. त्यांची खोडं सगळी एकाच बाजूला, ओघाच्या दिशेने कललेली असतात. फांद्यांच्या बेचक्यांत वाळकं गवत गुंडाळलेलं असतं, त्यात एखादी फाटकी पिशवी, बाटली, कुणाची तरी एका पायाची चप्पल. बऱ्याचदा हा कचरा आपल्या डोक्यापेक्षाही उंच अडकलेला असतो. पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. त्या रेषेच्या वर जी पायरी असेल ती आपली. शंका असेल तर वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या काकांना विचारा, "चवथीच्या दिवसांत पाणी कुठवर चढलं होतं?" ते हात करून जागा दाखवतील, आणि बहुतेक चहालाही बोलावतील.

वरच्या पायरीचा आणखी एक फायदा थंडीत कळतो. रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली येते आणि नदीच्या खोलगटात साचते. पहाटे खालचा तंबू आतून-बाहेरून ओला, पांघरुणं दमट, आजीचे गुडघे धरलेले. त्यात आपला सह्याद्री पूर्वेला. डोंगराच्या पायथ्याशी ऊन उशिरा पोचतं. म्हणून तंबू लावण्याआधी पूर्वेकडे बघायचं, डोंगराची भिंत अगदी अंगावर आहे की थोडी मोकळीक आहे. सकाळी लवकर ऊन येणारी जागा मिळाली तर नदी पन्नास पावलं लांब असली तरी चालेल. मुलं लहान असतील तर लांब असलेलीच बरी. नदीतला कोंड, म्हणजे डोह, वरून शांत दिसतो आणि दोन पावलांवर एकदम खोल होतो. खाली कुंभारजुव्याच्या कालव्यासारख्या भरतीच्या पाण्यात तर मगरी आहेत. तिथे होडीतून बघायला जावं, तंबू घेऊन नाही.

आता रान. झाडाखाली सावली असते म्हणून डोळे मिटून तंबू लावू नये. आधी मान वर करायची. वाळकी फांदी लटकतेय का? कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, उतरणार असाल, आणि माझ्या मते कुटुंबासाठी कुळागराची कड ही सगळ्यांत सोयीची जागा, तर माडाखाली नको. नारळ माणूस बघून पडत नाही. पोफळीची झावळही चांगली वजनदार असते. काजू-आंब्यावर पानं शिवून केलेले हुमल्यांचे, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचे, गोळे दिसले तर झाड बदला. पाण्याकडे उतरणाऱ्या मळलेल्या वाटेवर शेणाचे ताजे पो आणि दुभंगलेल्या खुरांचे मोठे ठसे असतील, तर ती वाट गव्यांची. संध्याकाळी ते त्याच वाटेने येतील. ती सोडून बाजूला, चांगलं अंतर ठेवून राहा.

एक गोष्ट मात्र पालकांनी गांभीर्याने घ्यावी: माकडताप. हा आजार १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. आपल्या सत्तरीतही त्याचे रुग्ण सापडले आहेत. तो पसरतो गोचिडीच्या चाव्याने, आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या दिवसांत. जागा ठरवण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा पंचायतीत विचारा. आसपास माकड मेल्याचं कळलं, तर बेत रद्द. एरवीही पाचोळ्यावर तंबू नको, साफ केलेलं अंगण किंवा कापलेलं शेत बरं. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि रात्री कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बोट फिरवून बघा.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. मोलेचं भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. वनखात्याला न विचारता तंबू नाही आणि शेकोटी तर नाहीच. बांबरची निरंकाराची राई किंवा कुठलीही देवराई तंबूसाठी नव्हेच, तिथे चपला काढून, बघून परत यावं. कुळे-मोलेकडे खाजगी जागा घेणार असाल तर रेल्वे आणि महामार्ग किती जवळ आहे ते विचारा. घाट चढणाऱ्या मालगाडीची इंजिनं रात्री दोनला पोरांना उठवतात.

आणि पोचल्यावर पहिलं काम, मोबाईलला रेंज कुठे मिळते ती जागा शोधून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती रस्त्याच्या एखाद्या वळणावरच मिळते. १०८ ला फोन करायची वेळ आली तर गावाबरोबर वाड्याचं नाव आणि जवळच्या देवळाचं नाव सांगा. "आम्ही नदीकाठी तंबूत आहोत" एवढ्यावर रुग्णवाहिका सत्तरीभर फिरत राहील.