टेकडीपलीकडे काय आहे?

पडद्यावर नकाशा आहे, पण त्यातला बराचसा भाग काळा. आपली छावणी दिसते, नदीचं एक वळण दिसतं. टेकडीपलीकडे शत्रू दबा धरून बसलाय की मैदान मोकळं आहे, कळायला मार्ग नाही. चार घोडेस्वार टेहळणीला धाडायचे, की सगळी फौज एकत्र राखायची? ऐतिहासिक युद्धनीतीच्या गेम्सची खरी ओढ इथे आहे. तलवारींचा खणखणाट नंतरचा.

हा अंधार कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. १८२४ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या राइसविट्झ या तरुण लष्करी अधिकाऱ्याने ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. सेनापतीला रणांगणावर जेवढं दिसलं असतं, तेवढंच पंच नकाशावर मांडायचा. किती माणसं पडली, ते फासे टाकून ठरे. खेळ पाहून प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफलिंग इतके भारावले, की त्यांनी सैन्याकडे त्याची शिफारस केली.

१९९७ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या कॉम्प्युटर गेममध्ये युद्धाची सुरुवात लाकूडतोडीपासून होते. शिकार नाही, शेत नाही तर अन्न नाही, अन्न नाही तर शिपाई नाही. लढाई जिंकण्याआधी रसद जिंकावी लागते, हे इथे हातानेच कळतं.

आणि मग ‘रोम: टोटल वॉर’, २००४. त्यात मांडून पाहता येते अशी एक लढाई जवळून पाहू. इसवी सनपूर्व २१६, इटलीतलं कॅनी. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यापेक्षा रोमन फौज कितीतरी मोठी. हॅनिबलची मधली फळी हळूहळू मागे सरकते, रोमन पायदळ जोशात आत घुसतं, दोन्ही बगला आवळल्या जातात आणि घोडदळ पिछाडीवर तुटून पडतं. पुस्तकात ही चाल बाणांच्या आकृतीत संपते. गेममध्ये मात्र मधली फळी तुम्हालाच धरून ठेवायची असते. ती जरा लवकर फुटली, तर सापळाच उरत नाही. वेळ साधली, तर पाठीवर वार झालेल्या तुकडीचं मनोधैर्य कोसळतं, तिचं निशाण पांढरं होतं आणि माणसं पळत सुटतात. धीर सुटला की संख्या निरुपयोगी ठरते, ते असं डोळ्यांसमोर.

याच गेममध्ये शहर जिंकल्यावर तीन पर्याय समोर येतात: ताबा घ्या, गुलाम करा, कत्तल करा. कत्तलीनंतर खजिना भरतो, लोकसंख्येचा आकडा घटतो. मरणारी माणसं दिसत नाहीत. हा या गेम्सचा सर्वांत मोठा उणेपणा आहे आणि तो खेळणाऱ्याने ओळखायलाच हवा.

तरीही कॅनी पुन्हा मांडली जाते, आता रोमच्या बाजूने. फौज तीच, मैदान तेच. पण सगळं पायदळ मध्ये न कोंबता काही तुकड्या मागे राखीव ठेवल्या तर? आधी बगलेवरचं घोडदळ थोपवलं तर?