साडीची जर जाळायच्या आधी पदर उलटून बघा

(दृश्य: गंगाघाट, बुधवारची सकाळ. पालं ठोकली जाताहेत.)

बुधवार आहे, गंगेवर बाजार भरतोय. गोदावरीला गंगाच म्हणायचं, ही नाशिककरांची जुनी सवय. मेथीच्या जुड्या, कांद्याचे ढीग, मसाल्याची पोती. आणि जरा कडेला, जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर जुने कपडे. शर्ट, परकर, शाळेचे गणवेश, लग्नात एकदाच घातलेले कोट. आणि साड्या.

हे कपडे येतात आपल्याच घरांमधून. दुपारी दारावर बोहारीण येते, टोपलीतून स्टीलचं पातेलं काढते, मग घासाघीस सुरू होते. "अजून एक साडी टाका ना ताई, मोठा डबा देते." जुन्या नाशकात हे बोलणं कानावर पडलं नाही असं घर शोधूनही मिळायचं नाही. मिळालेले कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री फिरवायची आणि परत विकायला मांडायचे. कॉलेज रोडची मुलं आज इन्स्टाग्रामवर जुनी डेनिम जॅकेटं विकतात. छानच आहे ते. पण हा धंदा नाशकात या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझं घेऊन चालवलाय, हे त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

जुने कपडे बाहेर पडण्याची दुसरी जागा म्हणजे वाडे. जुन्या गावठाणातले वाडे एकेक करून उतरवले जाताहेत. सामान हलवताना माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यात आजीचं नऊवारी लुगडं, इरकल, खणाची चोळी निघते. नव्या फ्लॅटमध्ये ट्रंकेला जागा नसते. "दुसऱ्याच्या अंगावरचं" म्हणून कुणी हात लावत नाही. खरं तर आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचंच शिवतात, आणि त्याची गोधडी आजीच्या लुगड्याची असते. जुन्या कापडाचा मऊपणा या घरांना चांगला ठाऊक आहे.

(दृश्य: साड्यांच्या ढिगात फिरणारे हात.)

ढिगातलं सगळंच जपण्याजोगं नसतं. आधी हात फिरवायचा, मग शंका असेल तर काठाच्या आतला एक सुटा धागा काढून, कापडापासून लांब नेऊन जाळायचा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. एवढ्यावर अर्धा ढीग बाजूला होतो.

मग जरीची परीक्षा. अस्सल जरीत चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत तांबं असतं, आणि हल्लीच्या स्वस्त जरीत तर धातूचा रंग दिलेली प्लास्टिकची पट्टी. सराफ कसोटीच्या दगडावर धागा घासून बघतो. चांदीची रेघ पांढरट उमटते, तांब्याची लालसर.

आणि नेमकी हीच परीक्षा साडीच्या मुळावर येते. जरीत चांदी निघाली की साडी वजनावर जाते. जुनी जर विकत घेणारे काठ-पदर जाळतात. रेशीम जळून जातं, उरलेला धातू गाळून चांदी वेगळी करतात. विकणाऱ्या बाईला दोन पैसे मिळतात, तिची गरज खरी असते, तिला कुणी बोल लावू नये. पण त्या काठात जे विणलेलं असतं त्याची किंमत वजनकाट्यावर दिसत नाही.

ती दिसते पदराच्या उलट्या बाजूला.

(दृश्य: जांभळ्या पैठणीचा पदर, अगदी जवळून. हात पदर उलटवतो.)

हा पदर बघा. वर मोर, खाली आसावलीची वेल. आता तो उलटा केलाय. उलट बाजूलाही तोच मोर, तसाच रेखीव. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नाहीत. हातमागावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर, म्हणजे छोट्या काडीवर, घेतो आणि त्या त्या रंगाच्या जागेपुरताच ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, ओवतो. शेजारचा रंग आला की दोन धागे एकमेकांत अडकवून मागे फिरतात. पक्ष्याचा डोळा म्हणजे दोन-चार धाग्यांचा खेळ. भरगच्च पदर असेल तर एका साडीला काही महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. हे काम आजही आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात चालतं. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. यंत्रावरच्या नक्षीला मात्र मागच्या बाजूला धागे सोडावे लागतात, ते कातरलेले दिसतात. साडी हातात आली की आधी पदर उलटा, मग भाव विचारा.

या पैठणीत दोष काय आहे? काठाला लागून वीतभर चीर. जुन्या पैठण्या बहुधा इथेच फाटतात. काठ जरीने जड, अंगाचं रेशीम हलकं. टांगून ठेवली की सगळा भार त्या सांध्यावर येतो. घडीही तीच तीच मोडलेली, म्हणून घडीच्या रेघेवर रेशीम विरलंय.

पहिला नियम, लगेच धुवायचं नाही. सावलीत, सुती चादरीवर आडवी पसरून वारा द्यायचा. उन्हात अजिबात नाही, उन्हाने रेशीम ठिसूळ होतं. मग ओला पांढरा कापूस कोपऱ्यावर दाबून धरायचा. त्यावर रंग उतरला तर पाण्याचा विचार सोडून द्यायचा. नाही उतरला, तरी बोअरच्या जड पाण्याऐवजी आरओ फिल्टरचं पाणी आणि रिठ्याचा फेस, तोही फक्त मळलेल्या भागाला. पेट्रोल वॉश, म्हणजे पाण्याशिवायची ड्रायक्लीनिंग, द्यायचा तर जाणत्या माणसाकडूनच. घरी हा प्रयोग करू नका, आगीचा धोका आहे. विरलेली साडी मशीनमध्ये फिरवू नका, हे त्या माणसाला स्पष्ट सांगायचं. हळदीचा किंवा तेलाचा जुना डाग हट्टाने काढू नये, असं मला वाटतं. डागासकट साडी नेसता येते, डाग काढताना पडलेल्या भोकासकट नाही.

साडीची जर काळवंडली असेल तर? हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. तिला लिंबू किंवा टूथपेस्ट घासली की काळेपणाबरोबर मुलामाही जातो, आणि तो परत येत नाही. काळवंडलेली जर तशीच राहू द्या.

(दृश्य: रफूगराची सुई. बाकी आवाज बंद.)

आता चीर. रफूगर काकांनी आधी साडीचं आतलं टोक शोधलं, नेसताना जे कमरेशी खोचलं जातं ते. तिथून त्यांनी रेशमाचे धागे ओढून घेतले. तोच रंग, तेवढंच वय. बाजारचा पॉलिस्टर दोरा मजबूत असतो, आणि म्हणूनच तो जुन्या रेशमाला कापत जातो. चिरेच्या खाली त्याच छटेच्या पातळ रेशमाचा तुकडा ठेवला, चिरेपेक्षा चारी बाजूंनी मोठा, म्हणजे कडेचे टाके चांगल्या कापडात बसतील. मग चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून बारीक टाके, एकाशेजारी एक. दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा. भरतकामाची रिंग लावून कापड ताणायचं नाही. डिंक नाही, इस्त्रीने चिकटणारं कापडही नाही. उद्या कुणाला याहून चांगलं काम करायचं असेल तर हे टाके उसवता आले पाहिजेत.

अंगभर विरलेली साडी असेल तर तिला पूर्ण लांबीभर मऊ नेट लावतात. साडी जरा जड होते, पण नेसता येते.

जुन्या पैठणीचा अनारकली किंवा जॅकेट शिवायची सध्या घाई असते. धडधाकट साडीला कात्री लावणं मला पटत नाही. एकदा कापलेला पदर कुठलाच रफूगर परत विणू शकत नाही. पण ही दुसरी साडी बघा. अंग हात लावताच फाटतंय, काठ-पदर मात्र शाबूत. इथे कात्री चालवावीच लागते. काठ आणि पदर उसवून नव्या रेशमाला हाताने जोडायचे. नवं रेशीम जरा जाडच घ्यायचं, नाहीतर काठाच्या वजनाने ते लोंबतं.

ठेवताना धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

मेन रोडच्या जुन्या टेलरांकडे विचारलं तर हातरफूवाल्याचा पत्ता बहुतेक लागतो. साडी दिवसाउजेडी न्या, दिव्याखाली रंग फसवतो. आणि लग्नसराई आटोपल्यावर जा. सीझनमध्ये त्यांच्याकडे फॉल-पिकोचा ढीग असतो, धाग्याला धागा लावत बसायला वेळ नसतो.