पहिल्या दीड महिन्याचं काय?

नमस्कार. पुढच्या दोन रांगांत आशाताई बसल्या आहेत, पेठ-सुरगाण्याहून सकाळची एसटी धरून आलेल्या. मागे काही गरोदर मुली आहेत आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या सासूबाई, आया. मला हे फार बरं वाटलं. पोटुशी बाईने लस घ्यायची की नाही हे आपल्याकडे ती एकटी क्वचितच ठरवते, तेव्हा ठरवणारी सगळी मंडळी समोर असलेली बरी.

मी नाशिकमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे. गरोदरपण हा तुमचा विषय नाही, असं कोणी म्हणेल. पण त्या लसीचं फळ ज्याच्या पदरात पडतं, तो माझा पेशंट असतो.

काही वर्षांपूर्वी निफाडकडचं एक पाच आठवड्यांचं बाळ माझ्याकडे आलं. खोकला म्हणावा तर धड खोकलाही नाही. दूध पिता पिता थांबायचं, चेहरा लाल व्हायचा, मग ओठ जांभळे पडायचे आणि श्वासच थांबायचा. सिस्टरने तळपाय चोळले की पुन्हा एक श्वास. डांग्या खोकल्यात मोठी मुलं खोकून खोकून शेवटी 'हूऽप' असा श्वास ओढतात, तो आवाज आपल्या आज्यांना ओळखू यायचा. पाच आठवड्यांच्या बाळात तो आवाज काढण्याइतकी ताकद नसते. त्याचा आजार गुपचूप येतो. घरात आजीला तीन आठवडे खोकला होता. हवा बदलली म्हणून असेल, असं सगळे धरून चालले होते. आणि बाळाला पायांवर घेऊन रोज तेल लावणारी आजीच.

आईने पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "मॅडम, मी दोन्ही सुया घेतल्यात. बघा, तारखा आहेत." तारखा होत्या. पण त्या सुया धनुर्वात आणि घटसर्पाच्या. डांग्या खोकल्याची लस गरोदरपणात घेता येते, हे तिला नऊ महिन्यांत कोणी सांगितलंच नव्हतं. तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि तरी ती माझ्यासमोर अपराध्यासारखी उभी होती. तो चेहरा मी विसरलेले नाही. आज इथे उभी आहे ती त्या चेहऱ्यामुळे.

बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस दीड महिन्याचं झाल्यावर मिळते, मग अडीच आणि साडेतीन महिन्यांना. म्हणजे पहिला दीड महिना त्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं, आणि हा आजार सर्वांत जास्त जीव घेतो तो याच वयात. ही फट भरून काढायला निसर्गाने एक वाट ठेवली आहे: वार, पोटात बाळाला आईशी जोडणारी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी तिची शिबंदी, वारेतून बाळाकडे जातात. ती नुसती आपोआप पाझरत नाहीत, वार त्यांना धरून धरून पलीकडे पोचवते. चौथ्या महिन्याच्या सुमाराला हे काम सुरू होतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत जोरात चालतं. दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात ती आईपेक्षाही जास्त सापडतात. म्हणून ही लस 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान देतात. आपण डोहाळेजेवण करतो ते नेमके हेच दिवस. हिरवा चुडा भरायला जाल तेव्हा ही सुईही आठवा. आणि ती दर बाळंतपणात घ्यायची, कारण ही प्रतिपिंडं वर्षा-दोन वर्षांत बरीच उतरतात. थोरल्याच्या वेळची धाकट्याला पुरत नाहीत.

उपयोग किती होतो? इंग्लंडमध्ये 2012 साली डांग्या खोकल्याची साथ आली, 14 तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्यांनी गरोदर बायकांना लस द्यायला सुरुवात केली. नंतर हिशेब मांडला तेव्हा तीन महिन्यांखालच्या बाळांमध्ये सुमारे 90 टक्के संरक्षण दिसलं.

पण इंग्लंड कशाला, आपल्या घरातलंच बघा. इथल्या वयस्कर बायकांना विचारा, पूर्वी पाचवी-सहावी पुजताना जीव किती धास्तावलेला असायचा. दोन दिवस छान दूध ओढणारं बाळ अचानक तोंड उघडेना, अंग ताठ, पाठीची कमान. विळ्याने कापलेल्या नाळेतून, शेण-माती लागलेल्या हातांतून धनुर्वात शिरायचा. जगात 1988 साली एका वर्षात सुमारे 7 लाख 87 हजार नवजात बाळं या एका आजाराने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. स्वच्छ नाळ आणि दवाखान्यातली बाळंतपणं हे एक कारण, आणि गरोदरपणातल्या त्या सुया हे दुसरं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वाड्या-पाड्यांवर पायी जाऊन हे केलं आहे. आपल्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या पोटात बाळ असताना लस घेत आल्या, हे आपण विसरतो आणि मग विचारतो, "गरोदरपणात लस चालते का?"

तरीही तो प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. जी बाई साधी डोकेदुखीची गोळी घ्यायलाही बिचकते, ती सुईला घाबरणारच. तेव्हा नीट सांगते. धनुर्वात, डांग्या खोकला आणि फ्लूची टोचायची लस यांत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे तिच्यातून तो आजार होऊच शकत नाही. दंड दुखतो, कधी कणकण येते. क्वचित एखादीला तीव्र ॲलर्जी होते, म्हणून सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवतात. घाई असली तरी बसा. याउलट गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीत जिवंत पण क्षीण केलेला विषाणू असतो. त्या गरोदरपणात देत नाहीत. लग्न ठरलं की आधीच घ्याव्यात आणि मग महिनाभर तरी दिवस राहू देऊ नयेत. चुकून घेतली गेली तर घाबरून गर्भ पाडायला धावू नका, त्याची गरज नसते. डॉक्टरांशी बोला.

गर्भपाताची भीती सगळ्यांत खोल असते. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर दहांपैकी निदान एकीचा गर्भ लसीशिवायही टिकत नाही. तसं लसीनंतर आठवड्याने झालं, तर बोट लसीकडेच जाणार. म्हणून लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलनाच करावी लागते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात फ्लूची लस आणि गर्भपात यांचा संबंध असावा अशी शंका आली. ती दडपली नाही, छापली. मग त्याच लोकांनी पुढच्या तीन हंगामांतल्या जास्त बायका तपासल्या आणि 2019 मध्ये सांगितलं की संबंध आढळला नाही. माझा या लसींवर विश्वास बसतो तो अशा तपासण्यांमुळे.

फ्लूची लस कोणत्याही महिन्यात चालते. तिचं संरक्षण डांग्या खोकल्याच्या लसीइतकं पक्कं नाही, हे मान्य. पण फ्लू गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त छळतो, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. बांगलादेशात आयांना ती दिली, तेव्हा बाळांमधला तपासणीत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी घटला.

एक गोष्ट मला सलते. सरकारी दवाखान्यात धनुर्वात-घटसर्पाची लस फुकट मिळते, पण डांग्या खोकल्यासहची विकत घ्यावी लागते. नाशिकच्या कॉलेज रोडवरची सुखवस्तू मुलगी ती घेते. छाटणीच्या दिवसांत सुरगाण्याहून द्राक्षबागेत येणारी, सातव्या महिन्यातही वेलींखाली वाकून काम करणारी बाई घेऊ शकत नाही, आणि तिचं तान्हं बागेतल्या झोपडीत दहा माणसांच्या खोकल्यात वाढतं. ही लस तिला फुकट मिळायला हवी. ती मिळेपर्यंत घरातल्या खोकणाऱ्याने बाळापासून लांब राहायचं, हे तरी प्रत्येक वाडीवर सांगा. आणि बाई कामासाठी गाव सोडते तेव्हा कार्ड तिच्या बोचक्यात आहे ना, ते बघा.

ते निफाडचं बाळ वाचलं. दोन वर्षांनी त्याची आई पुन्हा गरोदर राहिली आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात मला फोन आला: "मॅडम, आज घेतली." मागून तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता, "विचार त्यांना, मलाही देतील का ती सुई?" मी म्हटलं, देतील, उद्याच जा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लस घेऊन आल्या.