चोराने दाखवलेलं फॉस्फेटचं दार

नमस्कार मंडळी! समजा, घरात चोर शिरला. कुठून शिरला ते शोधताना एक दार सापडलं, आणि मग कळलं की रोजचा किराणाही त्याच दाराने येतो. पेशीच्या बाबतीत अगदी हेच झालंय.

गिबनांना ल्युकेमिया करणारा एक विषाणू आहे. तो माणसाच्या पेशींत शिरतो, उंदराच्या पेशींत नाही. मग संशोधकांनी माणसाचा डीएनए उंदराच्या पेशींत घातला आणि कुठल्या पेशींना लागण होते ते पाहिलं. १९९० साली जनुक हाती लागलं. पण त्याचं प्रथिन एरवी करतं काय? पत्ता नाही!

धागा मिळाला चक्क बुरशीत. न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीत फॉस्फेट आत घेणारं एक प्रथिन असतं, त्याच्याशी याच्या अमिनो आम्लांचा क्रम जुळला. मग १९९४ मध्ये बेडकाच्या अंडपेशींत हे प्रथिन तयार करवलं आणि बाहेर किरणोत्सारी फॉस्फेट ठेवलं. अंडपेशींनी ते आत ओढलं, पण सोडियम असेल तरच. सोडियमला आत यायची घाई असते. दोन सोडियम आत येताना एक फॉस्फेट सोबत घेऊन येतात. या प्रथिनाचं आजचं नाव पिट-१. त्याचं भावंड पिट-२, त्याला उंदरांचा एक विषाणू धरतो. कोआलांचा रेट्रोव्हायरसही पिट-१लाच धरतो.

एक गैरसमज मात्र नको. विषाणू फॉस्फेटच्या वाटेने आत जात नाही. ती वाट त्याच्यासाठी फारच अरुंद. तो फक्त बाहेरची कडी पकडतो, आणि मग त्याचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं.

आता बशीतल्या पेशींना फॉस्फेटविना उपाशी ठेवा. त्या बिचाऱ्या आणखी दारं बसवतात. म्हणजे विषाणूला कड्याही जास्त! माझा आपला अंदाज: फॉस्फेटशिवाय डीएनए नाही, एटीपी म्हणजे पेशीचं इंधनही नाही, त्यामुळे पेशीला हे दार बुजवून टाकणं परवडतच नाही.

आणि दार बिघडलं तर? २०१२ मध्ये कळलं की पिट-२च्या जनुकातल्या दोषामुळे काही कुटुंबांत मेंदूत कॅल्शियम साचतं. सीटी स्कॅनवर मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके दिसतात.

एक्सपीआर-१ नावाच्या आणखी एका प्रथिनाचीही तीच कथा. १९९९ मध्ये तोही विषाणूची कडी म्हणूनच सापडला. तो फॉस्फेट बाहेर सोडतो, हे कळायला २०१३ उजाडलं.