पैठणीचा सांभाळ आणि लाँड्रीचा खर्च

श्रोतेहो, लग्नसराई आटोपली की आपल्या मराठवाड्यात पैठण्या, शालू आणि हिमरूच्या शाली यांचे गाठोडे लाँड्रीत जाते आणि दोन तास अंगावर असलेल्या साडीसाठीही ड्राय क्लीनिंगचे पैसे मोजले जातात. साडी मळली आहे की नुसती नेसली गेली आहे, हे आपण पाहत नाही आणि निम्मा खर्च तिथेच होतो. घाम मुख्यतः ब्लाउजला लागतो. म्हणून ब्लाउज वेगळा धुवावा, त्याला काखेत सुती अस्तर लावून घ्यावे आणि साडी रात्रभर सावलीत दांडीवर पसरून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांतील आपल्याकडची कोरडी हवा एवढ्यावर बहुतेक काम करते.

धुण्याची वेळ आलीच, तर आधी धागा ओळखावा. जालन्याच्या बाजारात जे रेशीमकोष विकायला येतात, त्यांच्या धाग्यावर नैसर्गिक डिंकाचे आवरण असते. ते साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून काढतात, तेव्हा कच्च्या रेशमाचे वजन सुमारे २० ते २५ टक्क्यांनी घटते आणि मग रेशमाला तो मऊपणा व चमक येते. डिंक एकदा गेला की घरच्या पावडरीतील सोडा थेट धाग्यावर चालून जातो. शिवाय रक्ताचे आणि दुधाचे डाग काढणाऱ्या पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे असतात, आणि रेशीम व लोकर ही दोन्ही प्रथिनेच आहेत. साध्या रेशमी किंवा लोकरी कपड्याला म्हणूनच रिठा बरा. रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करावेत व पाणी गाळून घ्यावे. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण फाटून त्याचा चिकट साका कपड्यावर बसतो. रिठ्याचा तसा बसत नाही. पावसाळ्यात पहिल्या सरींनी पत्रे धुऊन निघाल्यावर पन्हाळीखाली धरलेले पाणी शेवटच्या खळबळणीला वापरावे. टँकरच्या पाण्यापेक्षा ते केव्हाही मऊ असते.

त्याआधी रंगाची परीक्षा करावी. साडीच्या आतल्या टोकाला ओला पांढरा सुती कपडा दाबून धरावा. रंग उतरला तर ती साडी घरी धुवू नये. भरजरी काठपदर, नाजूक भरतकाम आणि जुनी विरलेली वस्त्रे यांच्या बाबतीतही काटकसर करू नये. चार पैसे वाचवायला जाऊन आजीची साडी गमावण्यात शहाणपणा नाही.

डागांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण पैसे वाया जातात ते येथेच. ड्राय क्लीनिंगच्या द्रावकात तेल-तूप विरघळते. सरबत, घाम, गुलाबजामाचा पाक हे पाण्यात विरघळणारे डाग त्याने नीट निघत नाहीत, आणि न दिसणारा पाकाचा डाग काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो. म्हणून कपडा देताना डाग कशाचा आहे, हे सांगावे आणि जागेवर दोऱ्याची खूण करावी. तेलाच्या ताज्या थेंबावर लगेच टाल्कम पावडर टाकून काही तास ठेवावी. कित्येकदा तेवढ्यावर भागते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. हळदीचे चुन्याने कुंकू होते, तसाच हा प्रकार आहे. सुती कपड्यावरची हळद धुऊन उन्हात वाळवली की फिकी पडते. रेशमावर मात्र हा प्रयोग करू नये, कारण ऊन रेशमाचाही रंग उडवते.

ठेवताना साडी जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळावी, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि घडी अधूनमधून बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. रबर लावू नये. त्यातील गंधकाने चांदीची जर काळवंडते. आणि लाँड्रीतून येणारी प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाकावी. पावसाळ्यात तिच्या आत ओल कोंडते, कपड्याला बुरशी धरते आणि मग त्याच साडीचे पैसे पुन्हा भरावे लागतात.