चार चाकांचा भरवसा किती धरावा? क्वाड बाईकच्या टूरला निघण्यापूर्वी

नमस्कार. सुट्टीवर गेल्यावर गाइडबरोबर करायच्या क्वाड बाईकच्या, म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल आणि सीट असलेल्या उघड्या चारचाकी गाडीच्या, टूरविषयी आज मी बोलणार आहे. या टूरमध्ये पुढे गाइड असतो, त्याच्या मागे पाच-सात गाड्यांची रांग असते आणि चाकांखाली डांबरी रस्त्याऐवजी माती, वाळू, दगडगोटे किंवा चिखल असतो. ज्यांनी आयुष्यात कधी मोटारसायकल चालवली नाही, अशी माणसेही या टूरला निर्धास्तपणे नाव नोंदवतात, कारण समोर उभी असलेली गाडी चौरंगासारखी चार पायांवर पक्की बसलेली दिसते. दुचाकी पडू शकते हे लहान मुलालाही ठाऊक असते. ही कशाला पडेल, असे आपण मनाशी म्हणतो. माझे आजचे सगळे सांगणे या एका समजुतीविषयी आहे. उंचसखल जमिनीवर क्वाड बाईक सरळ ठेवण्याचे बरेचसे काम चालवणाऱ्याच्या शरीराला करावे लागते, आणि ते कसे करायचे हे टूर निघण्यापूर्वीच्या पंधरा-वीस मिनिटांतच शिकून घ्यावे लागते.

या समजुतीचा इतिहासही थोडक्यात सांगते. होंडा कंपनीने १९७०मध्ये फुगीर टायरांची एक तीनचाकी गाडी विक्रीला आणली आणि पुढे अशा तीनचाकी गाड्या अमेरिकेत फार लोकप्रिय झाल्या. त्या वळणावर सहज कलंडत. अपघात वाढले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८मध्ये सरकार व प्रमुख उत्पादक यांच्यात तडजोड होऊन नव्या तीनचाकींची तेथील विक्री थांबली. तोवर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, सुझुकीने चारचाकी क्वाड बाजारात आणली होती. चौथ्या चाकाने गाडी निश्चितच अधिक स्थिर झाली, परंतु उलटण्याचा धोका संपला नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाईकला चालकाच्या संरक्षणाची चौकट असणे बंधनकारक झाले आहे, ते याच कारणाने. गाडी उलटून अंगावर आली, तर तिच्याखाली माणूस चिरडू नये किंवा श्वास कोंडून दगावू नये, हा त्या चौकटीचा हेतू आहे.

आता गाडीकडे जवळून पाहू.

(दृश्य : हँडलची उजवी मूठ जवळून)

दुचाकीवर मूठ पिळून वेग वाढवायची आपल्या हाताला सवय असते. येथे मूठ पिळली जात नाही. उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला ही बोटभर लांबीची पट्टी आहे, ती अंगठ्याने पुढे दाबायची. दाबली की गाडी चालते, सोडली की वेग कमी होतो. हे ऐकायला फार सोपे वाटते, पण खड्ड्यात चाक आदळून तुम्ही मागे झुकलात की हात आपोआप मूठ घट्ट धरतो, घट्ट धरताना अंगठाही दाबला जातो, आणि जेथे वेग कमी व्हायला हवा नेमक्या तेथे गाडी उसळी घेते. नवख्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी कित्येक या एवढ्याशा पट्टीपाशी सुरू होतात. म्हणून चार बोटांनी मूठ धरायची आणि अंगठा स्वतंत्र ठेवायचा, याचा सराव सपाट जागेवर मुद्दाम करावा. गडबड वाटली तर आधी अंगठा उचलायचा आणि मग ब्रेक दाबायचा. हा क्रम डोक्यात नव्हे, हातात बसला पाहिजे. अर्ध्या-पाऊण तासात अंगठ्याचे मूळ दुखू लागते. त्यात काळजीचे काही नाही, पण ठरलेल्या थांब्यावर हात मोकळा करून घ्यावा.

हँडलजवळ लावलेली ही दोरी पाहा. तिचे दुसरे टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात. माणूस गाडीवरून फेकला गेला, तर दोरी ओढली जाऊन इंजिन जागीच बंद पडते. सगळ्याच गाड्यांना ती नसते, परंतु ज्या गाडीला आहे तिच्यावर ती बांधल्याशिवाय बसू नये आणि गाइड विसरला, तर आपण मागून घ्यावी.

टायर दिसायला राकट असले तरी आत हवा अगदी कमी असते. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय दाब असतो, तर येथे साधारणपणे ४ ते ७ पीएसआय. कमी हवेमुळे टायर जमिनीवर पसरतो आणि वाळूत किंवा चिखलात रुतत नाही. शिवाय अनेक क्वाड बाईकची मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, त्यामुळे हँडल वळवले तरी गाडी सरळच जायचा हट्ट धरते. नवखा माणूस अशा वेळी हँडल आणखी वळवतो. खरे तर वेग आधीच कमी करून, सीटवर किंचित पुढे सरकून, कंबरेपासूनचे वरचे शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचे असते. दुचाकी वळणावर आपल्याबरोबर कलते. क्वाड कलत नाही. म्हणून आपण कलायचे.

हाच नियम चढउतारावर अधिक कडक होतो. टूरसाठी वापरली जाणारी मोठी क्वाड २५० ते ३५० किलो वजनाची असू शकते, आणि तिच्यापुढे माणसाचे वजन थोडे असले तरी ते माणूस हलवू शकतो, हेच त्याच्या हातातले साधन आहे. चढावर सीटवरून पुढे सरकून छाती हँडलकडे न्यायची, म्हणजे पुढची चाके जमीन सोडत नाहीत. चढ सुरू होण्याआधीच पुरेसा वेग घ्यावा आणि मध्येच जोराने पट्टी दाबू नये, कारण त्या झटक्याने गाडीचे तोंड वर उचलले जाते. उतारावर सीटच्या मागच्या भागात बसायचे, हात सैल पण लांब ठेवायचे, लो गिअर टाकायचा आणि इंजिनच्या ओढीनेच गाडीला सावकाश उतरू द्यायचे. ब्रेक लागतोच, पण तो हलक्या हाताने, कारण पुढचे चाक जाम झाले की दिशा आपल्या हाती राहत नाही. उतार आडवा कापायचा असेल तर शरीर वरच्या, म्हणजे डोंगराच्या बाजूला न्यायचे. माझ्या मते तिन्हींत हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण वेग कमी असतो, भीती वाटत नाही, आणि खालच्या बाजूचे चाक एखाद्या खळग्यात गेले किंवा वरच्या बाजूचे एखाद्या दगडावर चढले की उरलेला तोल तेवढ्याने जातो. गाइडने अशी वाट निवडली आणि तुमचे मन कचरले, तर थांबून हात वर करण्यात कमीपणा नाही.

चढ अर्ध्यावर असताना गाडी थांबली तर काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे. तेथेच तोंड फिरवून खाली येण्याचा मोह होतो आणि गाडी नेमकी त्या वेळी आडवी होऊन लोळते. ब्रेक घट्ट धरावा, शरीर पुढे ठेवावे, पार्किंग ब्रेक लावावा, वरच्या बाजूने उतरून दूर व्हावे आणि गाइड येईपर्यंत थांबावे. घसरणारी गाडी स्वतःच्या बळावर अडवायला जाऊ नये.

मी पहिल्यांदा अशा टूरला गेले, तेव्हा आम्हाला सरावाची फेरी दिली नव्हती. कागदावर सही घेतली, हेल्मेट दिले आणि रांग निघाली. पंधरा मिनिटांनी वाट एका खोल चाकोरीतून जाऊ लागली, गाडी डावीकडे कलली आणि इतकी वर्षे स्कूटर चालवलेल्या माझ्या डाव्या पायाने न विचारता खाली जमीन गाठली. दुचाकीवर हेच बरोबर असते. क्वाडवर मात्र पायाच्या थेट मागे रुंद चाक असते. मागचे चाक माझ्या बुटाच्या टाचेवर चढले आणि पाऊल जमिनीला खिळले. मागून येणारा सहायक ओरडला, मी अंगठा उचलला, गाडी थांबली. टायर मऊ होता, बूट जाड तळाचा व घोट्यापर्यंतचा होता, म्हणून घोटा मुरगळण्यावर भागले. त्या जागी चप्पल असती तर काय झाले असते, हे मी कित्येक दिवस मनातून काढू शकले नाही. पाय नेहमी पायठेवणीवरच ठेवायचे, गाडी कितीही कलली तरी, हे वाक्य मला निघण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे होते. म्हणून ते आज मी तुम्हाला सांगते आहे.

टूर निवडताना मी आता गाड्या किती नव्या आहेत हे नंतर पाहते. आधी विचारते की सरावासाठी वेगळी सपाट जागा आहे का, तेथे किती वेळ देतात आणि एका गाइडमागे किती गाड्या असतात. रांगेच्या शेवटी दुसरा माणूस असतो का, हेही विचारावे, कारण पुढच्या गाइडला धुळीतून मागची शेवटची गाडी दिसत नाही. आणखी एक प्रश्न असा की एखाद्याला सरावात गाडी जमली नाही तर ते काय करतात. त्याला गाइडच्या गाडीवर बसवतो किंवा पैसे परत करतो असे उत्तर मिळाले, तर ती माणसे मला विश्वासाची वाटतात. सगळ्यांनाच जमते, काही अवघड नसते, असे उत्तर मिळाले तर मी नाव नोंदवत नाही.

मुलांबाबत तडजोड करू नये. प्रौढांच्या आकाराची क्वाड १६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये, असे उत्पादक स्वतः गाडीवरच्या इशाऱ्यात लिहितात. मागे माणूस बसवायचा असेल, तर गाडी मुळात दोघांसाठी बनवलेली असली पाहिजे. लांब सीट पाहून फसू नये. एकट्याच्या गाडीची सीटसुद्धा लांब असते, कारण चालवणाऱ्याला तिच्यावर पुढे-मागे सरकायचे असते. तेथे दुसरे कोणी बसले की ती जागा संपते आणि तोल सावरण्याचे साधनच हातचे जाते. गरोदर स्त्रियांनी आणि मान किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी ही टूर टाळावी, कारण धक्के सतत बसत राहतात. मद्य घेऊन तर कोणीच बसू नये.

कपड्यांविषयी फार बोलायची गरज नाही. पूर्ण बाह्या, लांब व जाड पँट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि धुळीसाठी गॉगल एवढे पुरते. हेल्मेट डोके हलवल्यावर फिरत असेल, तर दुसरे मागावे. ओढणी, लांब स्कार्फ, सैल लोंबणारे पट्टे आणि मोकळे केस मात्र गाडीजवळ नकोतच, कारण फिरणाऱ्या चाकात किंवा दांड्यात कापड अडकले की गाडी थांबण्याआधी गळ्याला फास बसतो.

रांगेत चालताना पुढच्या गाडीची धूळ खाली बसेल इतके अंतर ठेवावे आणि कोणालाही ओलांडू नये. गाइडने हात वर केला की थांबायचे आणि ती खूण मागच्याला द्यायची. पाण्यातून जाताना गाइड गेला त्याच रेषेने, संथ आणि एकसारख्या वेगाने जावे. बाहेर आल्यावर ओले ब्रेक नीट धरत नाहीत, म्हणून थोडे अंतर ते हलकेच दाबत चालावे म्हणजे सुकतात.

वाट सोडून आजूबाजूच्या गवतावरून किंवा वाळूच्या टेकाडावरून गाडी नेण्याची हौस अनेकांना होते, आणि फोटोसाठी काही गाइडही ती पुरवतात. मला हे मनापासून खटकते. वाळूच्या टेकड्या वरच्या विरळ गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या असतात, तर समुद्रकिनाऱ्यावर कासवे आणि काही पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात, जी गाडीवरून दिसत नाहीत. चाकांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मग पावसात त्याच चाकोऱ्यांतून माती वाहून जाते. ठरलेल्या वाटेवरही मजा पुरेशी असते.

राहिला कागदपत्रांचा भाग. प्रवास विमा असला म्हणजे क्वाड बाईकचा अपघात त्यात आलाच असे समजू नये. अनेक पॉलिसींमध्ये हा प्रकार वगळलेला असतो किंवा जादा हप्ता भरल्यावरच धरला जातो, तेव्हा पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी घरी असतानाच वाचावी. टूरवाले जो कागद सहीला देतात, त्यात गाडीच्या नुकसानीची रक्कम किती व कोणी भरायची, ते कलम शोधावे. निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून, आधीचे ओरखडे आणि तुटलेले भाग दिसतील असा व्हिडिओ घ्यावा आणि परत आल्यावर गाइडसमोर पुन्हा तसाच घ्यावा. गाडी उभी केल्यावर पार्किंग ब्रेक लावून मगच मनगटाची दोरी सोडावी. इंजिन बंद झाले तरी सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो, म्हणून तो कोणत्या बाजूला आहे ते बघून दुसऱ्या बाजूने उतरावे.